सीमेवरचा नाका आणि साथीचा ताप: नाशिककर नेहमी विचारतात ते प्रश्न

मी आरोग्य खात्यात बहुउद्देशीय कर्मचारी होतो. म्हणजे घरी येऊन तापाची रक्तपट्टी घेतो आणि पाण्याच्या टाकीत वाकून अळ्या शोधतो तो माणूस, तोच मी. कोविडच्या काळात गुजरातच्या हद्दीवरच्या एका नाक्यावर ड्युटी लागली, पंधरा दिवस म्हणून गेलो आणि अधूनमधून करत वर्ष निघालं. त्यात मेहुणा ट्रान्सपोर्टवाला, आडगावला त्याचं ऑफिस, गाड्या पिंपळगाव-लासलगावचा कांदा भरून पार बांगलादेश बॉर्डरला जातात, त्यामुळे नाक्याच्या दोन्ही बाजूंचं ऐकायची सवय झाली. लोक तेच तेच विचारतात, लग्नात, टपरीवर, आणि सिंहस्थाचा विषय निघाला की जास्तच. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

नाशिकला कुठं आलीय बॉर्डर? आपल्याला काय करायचंय त्याचं?

देशाची नाही, बरोबर. राज्याची आहे की. पेठ आणि सुरगाणा गुजरातला लागून, पलीकडे वलसाड, नवसारी, डांग. हतगडवरून सापुताऱ्याला जाताना शेवटचं वाईन शॉप मागं पडलं की समजायचं गुजरात आलं, एवढीच काय ती बॉर्डर. मुंबई-आग्रा हायवे तर आपल्या द्वारका चौकावरून शहराच्या पोटातून जातो. आणि कांदा? लासलगावला भरलेली गाडी पाच-सहा दिवसांनी पश्चिम बंगालात पेट्रापोल नाहीतर घोजाडांगा नाहीतर महदीपूरला लाईनीत उभी असते, ड्रायव्हर आणि किन्नर (म्हणजे क्लीनर) तिथंच केबिनमधे झोपतात, तिथलंच पाणी पितात आणि मग घरी निफाडला परत येतात. तुमच्या शेजारचा माणूस महिन्यातून एकदा आंतरराष्ट्रीय सीमेवर आठ-आठ दिवस राहून येतो आणि तुम्ही म्हणता बॉर्डर कुठंय.

"सीमेवरची तयारी" म्हणतात ती नेमकी काय असते?

लोकांना वाटतं तयारी म्हणजे पांढरे पीपीई किट घातलेले लोक, मशिनी आणि बॅरिकेड. तसं नाही हो.

जागतिक आरोग्य संघटनेचे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम आहेत, २००५ साली ठरले, जून २००७ पासून लागू झाले, १९० च्या वर देश त्यात आहेत. त्याला एक परिशिष्ट आहे, त्यात विमानतळ, बंदर आणि जमिनीवरचा नाका इथं काय काय पाहिजे ते दोन भागांत लिहिलंय. पहिला भाग रोजचा, म्हणजे साथ असो नसो कायम हवं ते: जवळ दवाखाना, आजारी माणसाला तिथवर न्यायला गाडी, गाड्या तपासता येईल असा शिकवलेला माणूस, प्यायचं चांगलं पाणी, स्वच्छ जेवण, संडास, कचऱ्याची सोय, आणि डास-उंदरांचा बंदोबस्त. दुसरा भाग साथ आली तर लागणारा: लिहून ठेवलेला आराखडा, संशयित माणसाशी बाकीच्यांपासून बाजूला बोलता येईल अशी जागा, त्याला ठेवायची आणि त्याच्या बरोबरच्यांना थांबवायची सोय, सामान-गाडी निर्जंतुक करायची व्यवस्था, आणि न्यायचं कुठं हे आधीच ठरलेलं हॉस्पिटल.

आता गंमत बघा, पहिल्या यादीत संडास आणि पाणी आहे. आमच्या नाक्यावर थर्मल गन तीन होत्या आणि संडास एकही नव्हता. बरोबरच्या एएनएम (नर्स) ताई बारा तासांच्या ड्युटीत पाणीच प्यायच्या नाहीत, म्हणजे जायला नको. शेवटी पलीकडच्या मळ्यातल्या आजींनी त्यांना सांगितलं, "माझ्याकडं येत जा गं बाई, लाजू नको." नाक्याचा अर्धा कारभार त्या आजींच्या जिवावर चालला. मला विचाराल तर नाका तयार आहे का हे बघायला गेलं की आधी संडासाचं दार उघडून बघावं, मग मशिनी.

हे सगळं प्रत्येक बॉर्डरवर करायची सक्ती आहे का?

नाही, आणि खरी मेख इथंच आहे. नियम असा की देशानं आपले विमानतळ आणि बंदरं ठरवून तिथं ही सोय उभी करायचीच. जमिनीवरच्या नाक्यांबाबत मात्र "आरोग्याच्या दृष्टीनं गरज असेल तर ठरवू शकता" असं आहे. म्हणजे ऐच्छिक. माणूस विमानापेक्षा बसनं, ट्रकनं, सायकलवरून आणि पायी जास्त सीमा ओलांडतो, पण नियमात तोच शेवटच्या बाकावर. त्याला कारणही आहे. विमानाला दार एक असतं, जमिनीला शंभर. भारत-बांगलादेश सीमा ४०९६ किलोमीटर, नेपाळची १७५१ आणि ती तर उघडीच, आपल्याला आणि त्यांना पासपोर्ट लागत नाही. सगळीकडे डॉक्टर बसवणार कसा.

मग आपल्याकडे जमिनीच्या सीमेवर बघतं कोण?

बरेच जण बघतात. इमिग्रेशन, कस्टम, बीएसएफ (नेपाळला एसएसबी, म्हणजे सशस्त्र सीमा बल), आणि मोठ्या ठिकाणी लँड पोर्ट्स ऑथॉरिटी, जी २०१२ ला सुरू झाली. त्यांचे एकात्मिक चेकपोस्ट असतात, पहिलं अटारीला, मग पेट्रापोल वगैरे, म्हणजे पार्किंग, गोदाम, तपासणी, आरोग्य सगळं एका आवारात. आरोग्याचा माणूस केंद्राच्या आरोग्य खात्याचा, बाकी राज्याचं आरोग्य खातं, जिल्ह्याचं हॉस्पिटल, पोलीस. आता एवढ्या सगळ्या खात्यांत रात्री अडीचला एक तापलेला माणूस सापडला तर पहिला फोन कुणी कुणाला करायचा, हे कागदावर नाही, भिंतीवर लिहिलेलं असलं पाहिजे. आमच्याकडं ते एका हवालदारानं खडूनं लिहिलं होतं. पावसाळ्यात पुसलं गेलं, मग त्यानं ऑइलपेंटनं लिहिलं.

ती कपाळाला लावायची बंदूक, तिचा उपयोग होतो का हो?

थोडा. फार नाही. २००३ ला सार्सची साथ आली तेव्हा कॅनडानं विमानतळांवर सुमारे ६५ लाख प्रवासी तपासले, सार्सचा एकही पेशंट त्यातून मिळाला नाही. आपल्याकडं १८ जानेवारी २०२० पासून मुंबई, दिल्ली, कोलकात्याला चीनहून येणाऱ्यांची तपासणी सुरू झाली, आणि ३० जानेवारीला केरळात पहिला पेशंट सापडला, वुहानहून आलेली विद्यार्थिनी. विमानतळावर ताप नव्हताच तिला, नंतर आला. मशीन खोटं बोललं नाही, मशीनला दिसण्यासारखं काही नव्हतं.

नाक्यावर तर आणखी मजा. एप्रिलचं ऊन, ट्रकचं इंजिन पायाशी तापलेलं, ड्रायव्हर खाली उतरला की कपाळ ३९ सेल्सिअस दाखवायचं. सावलीत बसवून दहा मिनिटांनी बघितलं की ३६. उलट पहाटे मोटारसायकलवरून गार वाऱ्यात आलेला माणूस ३४ दाखवायचा, म्हणजे मशीनच्या हिशोबानं तो केव्हाच गेलेला. आम्ही मग झाडाखाली बाकडं टाकलं आणि सगळ्यांना आधी दहा मिनिटं बसवायला लागलो, त्या दहा मिनिटांत माणूस बोलायला लागायचा. कुठून आला, घरी कोण आजारी आहे, कुठं मुक्काम केला. काय कळायचं ते त्यातूनच कळायचं.

पण लोक खोटं सांगतात त्याचं काय?

सांगतात. मीही सांगितलं असतं. एक किस्सा सांगतो म्हणजे कळेल.

रात्री दीड-दोनचा सुमार, आपल्या पिंपळगावचा टोमॅटो भरून गाडी गुजरातला निघालेली. ड्रायव्हर चाळिशीचा, डोळे लाल, बोलताना दम लागतोय. ताप बघितला, १०२. मी रजिस्टर ओढलं तसा त्यानं माझा हातच धरला. "साहेब, ताप लिहू नका. गाडीत टोमॅटो आहे." मी म्हटलं भाऊ, तुझ्या जिवाचं बघ. तो म्हणाला, "जिवाचं मी बघतो, टोमॅटोचं कोण बघणार?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी लिहिलं. मालकाला फोन लावला, तो म्हणाला दुसरा ड्रायव्हर सकाळशिवाय मिळणार नाही. किन्नर पोरगा सतरा-अठराचा, त्याच्याकडं लायसन नाही. अँब्युलन्स आली साडेपाचला. दुसरा ड्रायव्हर आला नऊनंतर, तोवर खालच्या कॅरेटमधून पाणी गळायला लागलं होतं.

ही बातमी ड्रायव्हर लोकांत दोन दिवसांत फिरली. पुढच्या आठवड्यात काय झालं, नाक्याच्या अलीकडं जो ढाबा होता तिथं चहाबरोबर पॅरासिटामॉलची पाकिटं विकायला लागली. गोळी खायची, अर्धा तास खाटेवर पडायचं, ताप उतरला की नाका ओलांडायचा. आमचं रजिस्टर एकदम स्वच्छ. वरून फोन आला, तुमच्याकडं काम छान चाललंय.

तेव्हापासून मी म्हणतो की ताप लपवायला माणूस वाईट असावा लागत नाही, सांगितल्यावर त्याचं नुकसान होणार एवढं पुरतं. आंतरराष्ट्रीय नियमात हे लिहिलंय बरं का, थांबवलेल्या प्रवाशाला खायला-प्यायला द्यायचं, राहायला जागा द्यायची, सामान सांभाळायचं, घरी कळवायची सोय करायची, आणि साथ रोखायला म्हणून त्याला अडकवलं तर त्या तपासणीचं आणि क्वारंटाईनचं बिल सहसा त्याच्या माथी मारायचं नाही. लिहिणाऱ्याला माणूस कळला होता. पण ट्रकभर नाशवंत माल सांभाळायचं कुणी लिहिलं नाही. माझ्या मते नाक्यावर एक राखीव ड्रायव्हर, निदान जवळच्या चार ट्रान्सपोर्टवाल्यांचे नंबर, हा अँब्युलन्सइतकाच आरोग्याचा विषय आहे. हे मी मीटिंगमधे बोललो तेव्हा लोक हसले.

सरळ बॉर्डर सील केली तर?

सील करता येते ती रस्त्याला. पायवाटेला नाही.

युगांडाचं उदाहरण सांगतो. २०१९ ला शेजारी काँगोमधे इबोलाची मोठी साथ. एक कुटुंब आजोबांच्या अंत्यविधीला काँगोत गेलं होतं, आजोबा इबोलानंच गेले होते. परत येताना पलीकडं नाक्यावर त्यांच्यातल्या काहींना लक्षणं दिसली, वेगळं बसवलं, तिथून ते निसटले आणि पायवाटेनं युगांडात आले. जूनमधे त्यांच्यातला पाच वर्षांचा मुलगा दगावला. म्हणजे नाका फसला? एका अर्थानं हो. पण युगांडानं आधीच सीमेजवळच्या दवाखान्यांतल्या हजारो कर्मचाऱ्यांना इबोलाची लस दिलेली होती, काय बघायचं ते शिकवलेलं होतं, त्यामुळे दवाखान्यात लगेच ओळखलं गेलं आणि साथ तिथं पेटली नाही. नाका म्हणजे नुसतं गेट नाही, आसपासचा वीस-पंचवीस किलोमीटरचा सगळा पट्टा, त्यातल्या आशाताई, मेडिकलवाले, वैदू, सगळे धरून नाका.

आपल्याकडं पेठ-सुरगाण्यात तर नातीगोतीच हद्दीच्या दोन्ही बाजूंना. मुलगी इकडची, सासर तिकडचं, बाजार तिसरीकडं. २०२० ला मेन रोडला बॅरिकेड होतं आणि मागच्या नाल्यातून लोक डोक्यावर किराणा घेऊन निवांत जात होते, आम्हाला हात करून.

आणि सगळं बंद केलं की काय होतं ते कसारा घाटात बघितलंय आपण. मुंबईहून हजारो माणसं लेकरं खांद्यावर घेऊन हायवेनं चालत आली, विल्होळी, पाथर्डी फाटा करत पुढं धुळ्याकडं. १ मे २०२० च्या रात्री नाशिकरोडहून भोपाळला श्रमिक रेल्वे सुटली, राज्यातून सुटलेल्या पहिल्या गाड्यांपैकी ती. तोवर जे चालत निघाले त्यांना कुणी तपासलं, कुणी नोंद केली? थांबवलेला माणूस थांबत नाही, नुसता आपल्या नजरेआड जातो.

तेव्हा पेट्रापोलला काय झालं होतं? कांद्यावाले अजून सांगतात.

मार्च २०२० च्या शेवटी तिथला व्यापार बंद पडला, जूनमधे नीट सुरू झाला. मधे एप्रिलच्या शेवटी झिरो पॉइंटला, म्हणजे दोन देशांच्या मधल्या पट्ट्यात, माल इकडच्या गाडीतून तिकडच्या गाडीत टाकायची शक्कल काढली, पण स्थानिक लोक घाबरले आणि दोन-चार दिवसांत तेही थांबलं. सरकार तयार होतं, गाव तयार नव्हतं. आफ्रिकेतही तेच, केनिया-युगांडाच्या मलाबा नाक्यावर ट्रक ड्रायव्हरांच्या टेस्टसाठी कित्येक किलोमीटर लाईन लागलेली आणि लोक ड्रायव्हरलाच "कोरोना" म्हणून हाक मारायचे. ट्रकवाला सगळ्यांना हवा असतो तो मालापुरता.

कांद्याच्या गोणीतून निपाह येतो का?

नाही. निपाह हा विषाणू फळं खाणाऱ्या वटवाघळांकडून येतो, आणि आजारी माणसाच्या अगदी जवळून सेवा करताना. बांगलादेशात थंडीत खजुराचा कच्चा रस पितात, रात्रभर झाडाला मडकं, त्यात वटवाघूळ तोंड घालतं, तिथून बरेच पेशंट होतात. आपल्याकडं २००१ ला सिलीगुडी, २००७ ला नदिया, २०१८ ला कोझिकोड. तेव्हा बंगालात गेलेल्या ड्रायव्हर मंडळींना एकच सांगणं, थंडीतला तो ताजा गोड रस कितीही भारी लागला तरी कच्चा पिऊ नका. उकळून केलेला गूळ बिनधास्त खा, घरी पण आणा.

बर्ड फ्लूला नाका उपयोगी पडतो का?

जनावरांच्या बाबतीत उलट जास्त पडतो, कारण कोंबडी पायवाटेनं पळून जात नाही, टेम्पोतच जाते. देशातला कोंबड्यांमधला पहिला एच५एन१ फेब्रुवारी २००६ ला आपल्या शेजारी नवापूरला निघाला, लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, २०२१ ला परत तेच. आणि नवापूर कसं, तर तिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत, एकच बाकडं दोन राज्यांत. तिथं राज्याची हद्द धरून साथ अडवायची म्हटली तर बाकड्याच्या कोणत्या टोकाला बसायचं? म्हणून तिथं पोल्ट्रीभोवती किलोमीटरचं वर्तुळ काढून काम करावं लागतं, हद्द गेली उडत.

आफ्रिकेत जायचंय, यलो फीवरचं कार्ड खरंच बघतात का?

बघतात, आणि येताना जास्त बघतात. तो ताप आपल्याकडं नाही पण तो पसरवणारा एडिस डास मुबलक आहे, डेंग्यूचा तोच, म्हणून भारत याबाबत फार कडक. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, त्यामुळे विमानाच्या आदल्या आठवड्यात धावू नका. ११ जुलै २०१६ पासून एकदा घेतलेली लस जन्मभर चालते, जुनं दहा वर्षांचं कार्डही चालतं. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईनमधे ठेवतात, तिथं ओळख वगैरे काही चालत नाही. लस सरकारनं ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते, तारीख आधी घ्या.

डासावरून आठवलं, नियमात असंही आहे की नाक्यावर प्रवाशांच्या जागेपासून निदान ४०० मीटरपर्यंत डासांचा बंदोबस्त हवा. आमच्या नाक्यावर जप्त केलेल्या गाड्या उभ्या होत्या, टायरमधे पाणी, पाण्यात अळ्या, आणि त्याला टेकून आम्ही डेंग्यूचं पोस्टर लावलेलं.

बॉर्डरवर पोलिओचे डोस अजून कशाला? आपला पोलिओ गेला ना?

गेला. नैसर्गिक विषाणूचा शेवटचा पेशंट १३ जानेवारी २०११, हावडा. २७ मार्च २०१४ ला सर्टिफिकेट मिळालं. पण पाकिस्तान-अफगाणिस्तानात गेला नाही, म्हणून सीमेवर डोस चालू.

क्वारंटाईन १४ दिवसच का असतं?

नेहमी नसतं. आजार शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंत जास्तीत जास्त किती दिवस लागतात त्यावर ठरतं. कोविडला १४ धरले, इबोलाला २१, यलो फीवरला ६, कॉलरा तर काही तासांत नाहीतर पाच दिवसांत कळतो. आणि हेच तर नाक्याचं दुखणं आहे, नाका माणसाला पाच मिनिटं बघतो आणि आजार पाच दिवसांनी बाहेर येतो. म्हणून नाक्यावर ताप पकडण्यापेक्षा नाव, फोन, कुठं जाणार हे नीट लिहून ते त्या गावच्या आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळणं जास्त मोलाचं. आमच्या रजिस्टरमधे फोन नंबरच्या रकान्यात नऊच आकडे असलेले किती होते ते विचारू नका.

सुरतच्या प्लेगच्या वेळी काय झालं होतं?

सप्टेंबर १९९४. मी तेव्हा पोरगा होतो. सुरतेतून लाखो माणसं बस, रेल्वे, मिळेल त्यानं बाहेर पडली, महाराष्ट्रातही आली, कोण कुठं गेलं त्याचा हिशोब नाही. टेट्रासायक्लिन मेडिकलमधून गायब, लोक तोंडाला रुमाल बांधून. कित्येक देशांनी भारताची विमानं थांबवली. आमच्या गल्लीत एका घरी सुरतचे पाहुणे आले तर दूधवाल्यानं दूध ओट्यावरच ठेवायला सुरुवात केली. त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे १८९६ चा मुंबईचा प्लेग, त्यातून १८९७ चा साथरोग कायदा आला आणि तोच आपण २०२० ला वापरला. स्टेशनावर उतरवून तपासणीही तेव्हापासूनचीच, आणि लोकांचा त्यावरचा रागही.

सिंहस्थात काय होणार? खरं सांगा.

भविष्य मला नाही सांगता येत. पण प्रश्न बरोबर आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान, ३१ ऑगस्टला दुसरं, सप्टेंबरात तिसरं. म्हणजे ऐन पावसाळा, गोदावरीला गढूळ पाणी, माश्या, आणि देशभरातून माणूस. यातले कितीतरी नेपाळहून येणार, परदेशातून मुंबईत उतरून कसाऱ्यानं येणार. देशाच्या सीमेची चाळणी जिथं कुठं कमी पडेल ते सगळं रामकुंडावर आणि कुशावर्तावर येऊन उभं राहणार.

यात जुना धडा कॉलऱ्याचा. १८६७ ला हरिद्वारच्या कुंभातून परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर कॉलरा उत्तर भारतभर गेला. जगात देशांनी एकत्र बसून साथीचे नियम करायला सुरुवात केली ती १८५१ ला पॅरिसात, आणि पुढं कित्येक वर्षं त्यांचा मुख्य विषय कॉलरा आणि यात्रा हाच होता. म्हणजे आजचे ते आंतरराष्ट्रीय नियम आणि आपला घाट यांचं नातं फार जुनं आहे.

माझ्या डोक्यात दोनच गोष्टी आहेत. एक, रोजच्या रोज नोंद. २०१५ च्या कुंभात दवाखान्यांच्या ओपीडीची नोंद टॅबलेटवर घेऊन कुठल्या सेक्टरमधे जुलाब वाढले ते त्याच दिवशी बघायचा प्रयोग झाला होता, तो मला आवडला. दोन, यात्रेकरू घरी गेल्यावर. जुलाब इथं नाही लागणार, बसमधे लागणार, जव्हारला, शिर्डीला, इंदूरला. तिथल्या डॉक्टरनं "नाशिकला जाऊन आलात का" एवढं विचारलं पाहिजे आणि उत्तर हो आलं तर आपल्याला कळवलं पाहिजे. रामकुंडावर कपाळाला बंदूक लावत बसलो तर लाईनच एवढी होईल की तिचीच भीती.

एवढ्या गर्दीत साध्या उपायांनी काही होतं का?

होतं हो. पेट्रापोलच्या अलीकडं बनगाव आहे, जिथं आपल्या कांद्याच्या गाड्या पार्किंगला दिवसच्या दिवस उभ्या असतात. १९७१ ला बांगलादेशातून निर्वासित तिथंच आले, कॉलरा पेटला, सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोज-सोडा यांची पुडी पाण्यात कालवून नळ लावलेल्या ड्रममधे भरली आणि पेशंटच्या आई-बापाच्या हातात मग दिले, पाजत राहा म्हणून. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. तीच ही आपली ओआरएस. मेहुण्याच्या ड्रायव्हरला मी हे सांगितलं तर म्हणाला, "त्याच बनगावात मला जुलाब लागले होते, आणि मी काय प्यायलो, तर थम्सअप."

आम्ही ट्रान्सपोर्टवाल्यांनी काय करायचं?

गाडीत ओआरएसची दहा पाकिटं, पाण्याचा स्वतःचा जार, थर्मामीटर. लांबच्या फेरीला दोन ड्रायव्हर. ताप सांगितला म्हणून हॉल्टिंगचे पैसे कापायचे नाहीत, हे बिल्टी (मालाची पावती) देतानाच तोंडी सांगा, उपकार म्हणून नको. फेरीहून आल्यावर तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला आपण कुठं जाऊन आलो ते न विचारता सांगायचं. आरोग्य खात्याचा १०४ नंबर सेव्ह करून ठेवा, अँब्युलन्सला १०८.

नाक्यावर ड्युटी लागलीय, पहिल्यांदाच. बरोबर काय नेऊ?

टोपी, टॉर्च, दोन लिटर पाणी, बसायला काहीतरी, कारण खुर्ची पोलिसांची असते. गुजराती आणि हिंदीत चार वाक्यं पाठ करा, "तबियत केवी छे" एवढं विचारलं तरी समोरचा सैल होतो. जवळच्या दवाखान्याचा, अँब्युलन्सच्या ड्रायव्हरचा स्वतःचा, आणि पलीकडच्या राज्यातल्या तुमच्यासारख्याच माणसाचा नंबर पहिल्याच दिवशी घ्या. तिकडचा आमचा माणूस कपराड्याकडचा होता, व्हॉट्सअपवर सकाळी "जय श्री कृष्ण"चं फूल पाठवायचा आणि त्याखाली काल रात्री किती तापाचे गेले तो आकडा, सहा महिन्यांत एकदा चुकला नाही. आणि रजिस्टरला पेन दोरीनं बांधून टाका, नाहीतर पहिला ट्रकवालाच घेऊन जाईल.